झाड उशीवरून दिसले पाहिजे

रुग्णालयाची इमारत कशी असावी याची चर्चा बहुतेक वेळा उभ्या माणसांमध्ये होते. आराखडा काढणारा, खर्च मंजूर करणारा, उद्घाटनाला येणारा आणि नातेवाइकाला भेटायला येणारा, हे सगळे आपल्या पायांवर उभे असतात आणि त्यांना दिसते ते दाराशी राखलेले लॉन, स्वागतकक्षातील उंच कुंड्या आणि लिफ्टसमोर लावलेले धबधब्याचे मोठे छायाचित्र. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप असतो तो मात्र आडवा असतो. त्याच्या वाट्याला येते ते पांढरे छत, थेट डोळ्यांवर येणारा दिवा, सलाईनची बाटली आणि पडद्याची दांडी. निसर्गाच्या सान्निध्यात आजारी माणूस लवकर सावरतो हे मान्य करणारे आता पुष्कळ आहेत आणि नव्या रुग्णालयांच्या माहितीपत्रकांत हिरवाईचा उल्लेख हटकून असतो. माझा आग्रह त्यापुढचा आहे. रुग्णालयातील झाड, ऊन, वारा आणि आकाश यांचा हिशेब रुग्णाच्या उशीवरून मांडला जावा. तेथून जे दिसत नाही आणि जाणवतही नाही, ते इमारतीची शोभा वाढवत असेल, पण उपचारात त्याची गणना करू नये.

या विषयात ज्या अभ्यासाचा दाखला सर्वांत अधिक दिला जातो, तोसुद्धा मुळात खाटेवरून दिसणाऱ्या दृश्याचाच अभ्यास होता. रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या एका उपनगरी रुग्णालयाच्या 1972 ते 1981 या काळातील नोंदी तपासल्या आणि 1984 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण त्याने निवडले आणि वय, लिंग, वजन, धूम्रपानाची सवय अशा बाबी जुळवून त्यांच्या 23 जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतील एकाच्या खिडकीतून पानझडी झाडांचा एक समूह दिसत होता, तर दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची तपकिरी भिंत. खोल्या जवळजवळ सारख्या होत्या, देखभाल करणाऱ्या परिचारिकाही त्याच होत्या, आणि झाडांवर पाने असतात त्याच महिन्यांतील नोंदी त्याने विचारात घेतल्या. झाडे पाहणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी 7.96 दिवसांनी घरी गेले, भिंत पाहणारे 8.70 दिवसांनी. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत झाडांच्या बाजूच्या रुग्णांना तीव्र वेदनाशामकांची गरज कमी पडली.

दिवसांचा फरक पाऊण दिवसाचा आहे आणि बहुतेक लोक तोच आकडा सांगतात. मला त्याहून अधिक बोलका वाटतो तो परिचारिकांच्या शेऱ्यांचा आकडा. रुग्ण अस्वस्थ आहे, रडतो आहे, त्याला फार धीर द्यावा लागतो, अशा आशयाचे शेरे झाडांच्या बाजूला दर रुग्णामागे 1.13 होते आणि भिंतीच्या बाजूला 3.96. घरी जाण्याचा दिवस डॉक्टरांच्या फेरीवर, खाटांच्या मागणीवर आणि कागदपत्रांवरही अवलंबून असतो. रात्री दोन वाजता परिचारिकेने लिहिलेला शेरा मात्र त्या क्षणी खाटेवर पडलेल्या माणसाची अवस्था सांगतो, आणि रुग्णाला बरे वाटणे म्हणजे काय याचा अर्थ त्या शेऱ्यांमध्येच अधिक आहे.

अर्थात, 46 रुग्णांच्या एका अभ्यासावर सगळा डोलारा उभारू नये. एकाच शस्त्रक्रियेचे आणि एकाच इमारतीतील ते रुग्ण होते, आणि भिंतीऐवजी समोर वर्दळीचा रस्ता असता तर काय झाले असते याचे उत्तर त्या अभ्यासात नाही. उलट निष्कर्षही समोर आहेत. न्यूयॉर्कमधील एका अतिदक्षता विभागात मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेल्या 789 रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खिडकीच्या खोलीतील व बिनखिडकीच्या खोलीतील रुग्णांच्या परिणामांत फरक आढळला नाही. हा निष्कर्ष मला खोडून काढावासा वाटत नाही. इतक्या गंभीर अवस्थेतील पुष्कळ रुग्णांना खिडकीकडे पाहण्याइतकी शुद्ध नसते, हे त्याचे एक कारण असू शकेल. पण त्यातून शिकण्यासारखे हेच आहे की खिडकी असणे आणि खिडकीतले दृश्य रुग्णापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुसंख्य आराखडे पहिल्या गोष्टीवर थांबतात.

ही जाणीव नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859-60 च्या सुमारास रुग्णसेवेबद्दल जे लिहिले, त्यात शुद्ध हवेच्या खालोखाल रुग्णाला प्रकाशाची गरज असते, आणि तोही नुसता उजेड नव्हे तर थेट सूर्यप्रकाश, असे त्यांनी स्वतःच्या अनुभवाच्या बळावर ठामपणे सांगितले आहे. त्यांची पुढची अट मला फार मोलाची वाटते: रुग्णाला उठून न बसता आणि कूस न बदलता खाटेवरूनच खिडकीबाहेरचे, निदान आकाश आणि ऊन तरी, दिसले पाहिजे. तापाच्या रुग्णांना रंगीत फुलांचा गुच्छ पाहून होणाऱ्या आनंदाबद्दलही त्या लिहितात, आणि आपल्याच आजारपणात कोणी रानफुले पाठवली तेव्हापासून प्रकृतीला वेगाने उतार पडत गेला, अशी आठवण देतात. त्यांनी पुरस्कारलेल्या रचनेत लांब, उंच छताचे वॉर्ड असत, दोन्ही बाजूंना समोरासमोर उंच खिडक्या असत आणि दर दोन खाटांमागे किमान एक खिडकी असावी असा त्यांचा दंडक होता. रोग दूषित हवेतून पसरतात या त्या काळच्या समजुतीचा या रचनेत मोठा वाटा होता. ती समजूत पुढे बरीचशी चुकीची ठरली, पण तिच्यामुळे उभ्या राहिलेल्या इमारतींत हवा खेळती राहिली आणि ऊन आत आले, हा रुग्णांचा लाभच झाला.

बार्सिलोनामधील सांत पाऊ रुग्णालय हे या विचाराचे अतिशय देखणे रूप. लुईस दोमेनेक इ मुंतानेर या वास्तुरचनाकाराने 1902 मध्ये सुरू झालेल्या या कामात एका मोठ्या इमारतीऐवजी बागेत विखुरलेली वेगवेगळी दालने कल्पिली आणि त्यांना जोडणारे मार्ग जमिनीखाली नेले, म्हणजे सामानाची आणि रुग्णांची ने-आण बागेच्या आड येऊ नये. फिनलंडमधील पाइमिओ येथे अल्वार आल्टो यांनी 1933 मध्ये पूर्ण केलेले क्षयरोग्यांचे आरोग्यधाम तर माझ्या म्हणण्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. देवदारांच्या कुळातील पाइन वृक्षांच्या रानात ते उभारले गेले आणि रुग्णांच्या खोल्यांना सकाळचे ऊन मिळेल अशी त्यांची दिशा ठरवली गेली. नेहमीची खोली उभ्या माणसासाठी असते, पण रुग्णाची खोली आडव्या माणसासाठी असली पाहिजे, ही आल्टो यांची भूमिका होती. म्हणून त्यांनी छताला डोळ्यांना शांत वाटेल असा गडद रंग दिला, दिवे पडलेल्या माणसाच्या नजरेच्या टप्प्याबाहेर ठेवले आणि हात धुण्याच्या भांड्याचा उतार असा राखला की पाणी आवाज न करता ओघळावे. ज्याने छताच्या रंगाचा इतका विचार केला, त्याच्या मनात बाहेरचे रान हे केवळ पार्श्वभूमीपुरते नव्हते.

मग हे सारे मागे का पडले? प्रतिजैविके आली आणि क्षयरोग्याला महिनोन्महिने उन्हात व मोकळ्या हवेत ठेवण्याची गरज उरली नाही. लिफ्टमुळे मजले वाढले, वातानुकूलनामुळे उघडणाऱ्या खिडक्यांवाचून चालू लागले आणि ट्यूबलाइटमुळे इमारतीच्या पोटात खोलवर खोल्या काढता येऊ लागल्या. शस्त्रक्रियागृह, क्ष-किरण विभाग, प्रयोगशाळा एकमेकांच्या जवळ हव्यात ही गरज खरीच होती, आणि या सगळ्यांतून जाड, खोल, बाहेरच्या भिंती कमी असलेल्या इमारती जन्माला आल्या. खिडकीतून येणारा उपयुक्त उजेड साधारणपणे खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दुप्पट-अडीचपट अंतरापर्यंतच आत पोहोचतो. त्यापलीकडे दिवसा दिवे लागतात आणि तेथे पडलेल्या माणसाची सकाळ-संध्याकाळ हरवते.

ही सकाळ-संध्याकाळ हरवणे किती जाचक असते, हे मला माझ्या आत्याच्या आजारपणात कळले. शस्त्रक्रियेनंतर तिला दोन खाटांच्या खोलीत ठेवले होते. खिडकी होती, पण दुसऱ्या खाटेजवळ, आणि मध्ये छतापासून जमिनीपर्यंत पडदा. ती झोपेतून जागी झाली की विचारायची, “बाहेर उजाडलं का गं?” कधी भर दुपारी, कधी मध्यरात्री. तिला घड्याळ दाखवले तरी तिचे समाधान होत नसे, कारण घड्याळातील पाच पहाटेचे की संध्याकाळचे हे काट्यांवरून कळत नाही. पलीकडच्या रुग्णाला त्याच खोलीत, तेवढ्याच खर्चात, समोरच्या इमारतीवर सरकत जाणारे ऊन दिसत होते. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. खाटा मांडताना हा प्रश्न कोणाला पडलेलाच नव्हता.

आत्याच्या त्या प्रश्नामागे शरीराची एक व्यवस्था आहे. डोळ्याच्या पडद्यात दृश्य पाहणाऱ्या पेशींखेरीज काही पेशी अशा असतात की त्या प्रकाशाची तीव्रता मोजून मेंदूतील जैविक घड्याळाला खबर देतात. त्यांचे कार्य या शतकाच्या आरंभी उलगडले. झोप, शरीराचे तापमान, अनेक संप्रेरके या घड्याळाच्या तालावर चालतात. मोकळ्या आकाशाखालचा उजेड ढगाळ दिवशीही हजारो लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो आणि लख्ख उन्हात लाखाच्या घरात जातो, तर वॉर्डातील दिव्यांखाली तो बहुधा काही शेच असतो. त्या फिकट आणि दिवसरात्र सारख्या उजेडात शरीराला वेळेची खूण मिळत नाही. झोप तुटते, आणि वृद्ध रुग्णांमध्ये दिसणारा भ्रम, म्हणजे वेळकाळाचे भान सुटून असंबद्ध बोलणे, वाढायला तुटलेली झोप हातभार लावते. पिट्सबर्गमधील एका रुग्णालयात मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या 89 रुग्णांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इमारतीच्या उजळ बाजूच्या रुग्णांना 46 टक्के अधिक सूर्यप्रकाश मिळत होता आणि त्यांना दर तासामागे 22 टक्के कमी वेदनाशामके लागली. मिलानमध्ये 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात द्विध्रुवी (बायपोलर) विकारातील नैराश्याचे जे रुग्ण पूर्वेकडच्या, सकाळचे ऊन येणाऱ्या खोल्यांत होते, ते पश्चिमेकडच्या खोल्यांतील रुग्णांपेक्षा सरासरी 3.67 दिवस आधी घरी गेले. औषधे दोन्ही बाजूंना होतीच. खोलीची दिशा तेवढी वेगळी होती.

प्रकाशाखेरीज दुसरी गोष्ट आहे ती लक्षाची. आजारी माणसाचे लक्ष दुखऱ्या जागेभोवती, यंत्राच्या आवाजाभोवती आणि उद्याच्या तपासणीभोवती फिरत राहते आणि त्या फिरण्यानेच तो थकतो. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने असे मांडले की पानांची हालचाल, ढग, पाणी, पक्षी यांच्याकडे लक्ष आपोआप वेधले जाते, त्यासाठी मनाला जोर लावावा लागत नाही, आणि त्या काळात जाणीवपूर्वक लक्ष देण्याची थकलेली शक्ती विसावा घेते. उलरिच यांचा भर शरीरावरील ताण उतरण्यावर आहे. दोन्ही विचारांत मला विरोध दिसत नाही. झाडाकडे पाहणाऱ्या रुग्णाची वेदना नाहीशी होत नाही, पण काही वेळ ती एकटीच त्याच्यासमोर नसते.

आता प्रत्यक्ष आराखड्याकडे. खाटेवर पडलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 80 ते 100 सेंटीमीटरवर असतात. खिडकीची खालची कड 90 सेंटीमीटर किंवा त्याहून वर असली, आणि ती तशी सर्रास असते, तर त्याला उतरत्या कोनातले काहीच दिसत नाही. वरच्या मजल्यावरून फक्त आकाशाचा एक पट्टा दिसतो आणि खाली लावलेली सारी बाग त्याच्यासाठी अस्तित्वातच नसते. खालची कड उतरवून तेथे न उघडणारी पक्की काच बसवली तर सुरक्षितताही राहते आणि दृश्यही मिळते. खाटेची दिशा ही याहून अवघड गोष्ट आहे, कारण ती डोक्यामागच्या भिंतीवरील ऑक्सिजनच्या नळ्यांच्या आणि विजेच्या पॅनेलने एकदा ठरली की इमारत असेपर्यंत बदलत नाही. म्हणजे रुग्ण पुढची कित्येक वर्षे कोणत्या बाजूला तोंड करून पडणार, हा निर्णय पुष्कळदा नळ्यांची लांबी वाचवण्याच्या विचारातून होतो.

याला उत्तरे आहेत आणि ती श्रीमंत देशांपुरती नाहीत. रवांडातील बुतारो येथे 2011 मध्ये सुरू झालेल्या रुग्णालयात वॉर्डाच्या मधोमध एक बुटकी भिंत घेतली आहे. खाटांची डोकी त्या मधल्या भिंतीला लागून आहेत, त्यामुळे प्रत्येक रुग्णाचे तोंड बाहेरच्या खिडकीकडे आणि पलीकडच्या डोंगरउतारांकडे येते. नेहमीच्या वॉर्डात दोन रांगा एकमेकींकडे पाहत असतात आणि प्रत्येक रुग्णाला समोर दुसऱ्याचा आजार दिसतो. येथे केवळ भिंतीची जागा बदलल्याने हे टळले. सिंगापूरमधील एनजी टेंग फाँग रुग्णालयात वॉर्डाची रचनाच अशी पसरट आणि तिरकी केली आहे की अनेक खाटांच्या खोलीतही प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला त्याची स्वतःची खिडकी येते. त्याच देशातील खू टेक पुआट रुग्णालय 2010 मध्ये उघडले. त्याच्या इमारती मधल्या हिरव्या चौकाभोवती आहेत, तो चौक शेजारच्या तळ्याकडे मोकळा सोडला आहे, सज्जांवर झाडे लावली आहेत आणि गच्चीवर भाज्या-फळांची बाग आहे. या झाडांमुळे पाचव्या-सहाव्या मजल्यावरच्या रुग्णालाही पाने जवळून दिसतात. फुलपाखरे आणि पक्षी तेथे परत आले, ही त्या रुग्णालयाने अभिमानाने सांगितलेली गोष्ट आहे, आणि मला ती योग्य अभिमानाची वाटते.

हवेचा विचार या चर्चेत मागे राहतो, म्हणून तो मुद्दाम करते. पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांच्या खोल्यांमधील हवा मोजून 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दारे-खिडक्या उघडल्यावर खोलीतील हवा तासाला 28 वेळा बदलत होती, तर यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांसाठी प्रमाण मानलेला आकडा 12 होता. 1950 पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारती नव्या इमारतींपेक्षा सरस ठरल्या. क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या संदर्भात हा फरक फार मोठा आहे. शस्त्रक्रियागृहात किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या खोलीत गाळलेली हवाच हवी, यात शंका नाही. सर्वसाधारण वॉर्डांच्या खिडक्याही कायमच्या बंद करण्याचे कारण मात्र मला सापडत नाही, जेथे बाहेरची हवा श्वास घेण्याजोगी आहे तेथे तरी नाही.

बागेबद्दल थोडे कठोर बोलावे लागेल. सॅन डिएगो येथील मुलांच्या रुग्णालयात खास उपचारासाठी म्हणून एक बाग केली गेली आणि तिचा वापर कसा होतो हे नंतर तपासले गेले. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले की बागेत जाणाऱ्यांना बरे वाटत होते, पण आजारी मुले तिथे अपेक्षेपेक्षा बरीच कमी जात होती. आणखी झाडे आणि हिरवाई हवी, मुलांना काही करता येईल असे हवे, अशा सूचना पुढे आल्या. स्वतःच्या कामाचे असे प्रामाणिक परीक्षण करून ते छापणारी रुग्णालये विरळा, म्हणून मी या अभ्यासाला मान देते. बाग न वापरली जाण्याची कारणे बहुधा लहान दिसतात: दाराचा उंबरठा ज्यावर व्हीलचेअर अडते, जड दार जे एका हाताने सलाईनचा स्टँड धरून उघडता येत नाही, खडीची वाट जिच्यावर स्टँडची चाके रुततात, पाठ आणि हात नसलेली दगडी बाके ज्यांच्यावरून अशक्त माणसाला उठता येत नाही, आणि सावलीचा अभाव. काही औषधांनी त्वचा उन्हाला हळवी होते, केमोथेरपी घेणाऱ्याला उग्र वासाने मळमळते, म्हणून कर्करोग विभागाजवळ तीव्र सुगंधाची फुले टाळावी लागतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वाट वळसा घेऊन परत निघाल्या जागी येणारी असावी, कारण अडलेल्या वाटेच्या टोकाशी ते गोंधळतात. विषारी पानाफुलांची झाडे मुलांच्या किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या हाताशी येऊ नयेत, हे तर उघडच आहे.

निसर्ग म्हणून जे जे आणले जाते ते सगळे निरुपद्रवी नसते. कुंडीतील मातीत अॅस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू असू शकतात, म्हणून अवयव किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या विभागांत कुंड्या आणि ताजी फुले नेऊ देत नाहीत. हा नियम नातेवाइकांना निष्ठुर वाटतो, पण तो पाळलाच पाहिजे. शोभेच्या पाण्याबद्दल माझे मत अधिक स्पष्ट आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात 2010 मध्ये एका रुग्णालयाच्या दर्शनी भागातील पाणी ओघळणाऱ्या शोभेच्या भिंतीतून लिजिओनेला जिवाणू हवेत पसरले आणि 8 जणांना त्या जिवाणूमुळे होणारा न्यूमोनियाचा गंभीर प्रकार झाला. इमारतीच्या आत कारंजी आणि कृत्रिम धबधबे करू नयेत असे मला वाटते. पाणी हवे असेल तर ते बाहेर, काचेपलीकडे असावे. प्रत्यारोपणाच्या रुग्णालाही काचेपलीकडचे झाड चालते, आणि महिनाभर एका खोलीत कोंडलेल्या त्या माणसाला त्याची गरज इतरांहून अधिक असते.

जेथे खिडकी खरोखरच शक्य नाही तेथे चित्रांचा आधार घ्यावा, पण चित्र निवडताना काळजी हवी. स्वीडनमधील उप्साला येथे हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांसमोर वेगवेगळी चित्रे ठेवून उलरिच आणि सहकाऱ्यांनी पाहिले, तेव्हा पाणी आणि झाडे असलेल्या मोकळ्या दृश्याने चिंता कमी झाली, आणि सरळ रेषांचे अमूर्त चित्र समोर असलेल्यांना काहीच नसलेल्यांपेक्षाही अधिक अस्वस्थ वाटले. बाल्टिमोरमध्ये दुर्बिणीतून फुप्फुसांची तपासणी करताना खाटेशेजारी निसर्गदृश्य लावून आणि त्यासोबत पाण्यापक्ष्यांचे आवाज ऐकवून वेदना सुसह्य होते का हे तपासले गेले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात होते असे आढळले. चित्राला मी खिडकीची जागा देणार नाही, कारण चित्रात संध्याकाळ होत नाही. तपासणीच्या अर्ध्या तासासाठी मात्र ते पुष्कळ आहे.

ज्यांच्या हाती रुग्ण असतो त्यांचाही वाटा राखला पाहिजे. पोर्टलंडमधील एका अभ्यासात परिचारिकांना रोजची छोटी विश्रांती रुग्णालयाच्या बागेत घेऊ दिली तेव्हा त्यांचा मानसिक थकवा कमी झाल्याचे दिसले. बारा तासांच्या पाळीत ज्याला आकाश दिसत नाही त्याच्याकडून आपण रात्री दोन वाजता मृदू शब्दांची अपेक्षा करतो. विश्रांतीची खोली तळघरात, भांडारघराशेजारी देण्याची पद्धत बदलली पाहिजे. परिचारिकेला आपल्या मजल्यापासून फार लांब जाता येत नाही, म्हणून तिच्यासाठी त्याच मजल्यावर झाडांचा एक सज्जा असावा.

नवी इमारत बांधणाऱ्यांना हे सारे सांगता येते, पण बहुसंख्य रुग्ण जुन्याच इमारतींत पडलेले आहेत आणि त्यांना थांबायला वेळ नाही. तेथे करण्याजोगे काम बरेच आहे. खिडक्यांना चिकटवलेले धुरकट कागद काढता येतात. खिडकीसमोर बसवलेली वातानुकूलन यंत्रे हलवता येतात. बुटक्या भागाच्या डांबर फासलेल्या गच्चीवर वजनाचा अंदाज घेऊन उथळ मातीची झाडे लावता येतात, म्हणजे वरच्या वॉर्डांच्या खिडक्यांखाली काही हिरवे येते. दोन खाटांच्या खोलीतील मधला पडदा दिवसा, दोघांच्या संमतीने, अर्धा सरकवता येतो, आणि बरा होत असलेल्या रुग्णाची चाकांची खाट तासभर सज्जावर नेता येते. त्यासाठी एक मदतनीस आणि परिचारिकेची परवानगी एवढेच लागते. जी झाडे आधीपासून उभी आहेत त्यांचा प्रश्न वाहनतळ वाढवताना येतो. तेव्हा ती कोणकोणत्या खाटांवरून दिसतात हे वॉर्डात जाऊन, खाटेवर डोके टेकून पाहिल्याशिवाय कुऱ्हाड चालवू नये, असा लेखी नियम प्रत्येक रुग्णालयाने करावा. आणि माळी कंत्राटावर, वर्षातून दोनदा बोलावण्याजोगा न ठेवता पगारी कर्मचाऱ्यांत घ्यावा, कारण रोपांची तरतूद बांधकामाच्या अंदाजपत्रकात असते, पाणी घालणाऱ्याची नसते, आणि उद्घाटनाच्या छायाचित्रांतील बहुतेक झाडे याच एका कारणाने तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नाहीत.